भांडण नसलेला घटस्फोट आणि आपली तब्येत



इथे मी एरवी मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, डेंग्यू अशा विषयांवर लिहिते. आजचा विषय वाचून काहींना वाटेल, हे वकिलांचं काम आहे, डॉक्टरांचं काय काम? पण गेल्या काही वर्षांत झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पित्त काही केल्या जात नाही अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांनी, सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर मला सांगितलं आहे, "डॉक्टर, आमचं कोर्टात चालू आहे. पण भांडण वगैरे काही नाही हं. दोघांच्या संमतीनंच आहे."

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे, कारण मीही ते पुष्कळदा म्हटलं आहे. २०१९ मध्ये, लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर, माझा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. नाशिकच्या माझ्या जुन्या पेशंटना हे माहीत आहेच. तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल, तर डॉक्टर म्हणून आणि त्यातून गेलेली बाई म्हणून मला जे ठाऊक आहे ते आज सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. घटस्फोट भांडून झाला की समजुतीने, हे कोर्टाला कळतं. शरीराला त्यातला फरक कळत नाही.

आमचं काय झालं

सगळे हेच विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, तिसरं माणूस नव्हतं. त्यांची नोकरी बडोद्याला, माझा दवाखाना नाशिकला. सुरुवातीला ते दर शनिवारी यायचे, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा. एका दिवाळीत त्यांनी आंघोळीला जाताना टॉवेल कुठे असतो विचारलं आणि मी पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं. त्या दिवशी दोघांनाही काय ते कळलं. त्यानंतर तीन वर्षांनी आम्ही त्यावर नीट बोललो. कागद नंतर झाले, घरं आधीच वेगळी झाली होती.

कायदा काय म्हणतो

हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्यात परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय मुळात नव्हती. ती १९७६च्या दुरुस्तीने आली, तेच कलम १३ब. रजिस्टर लग्न ज्या विशेष विवाह कायद्याखाली होतं, त्यात कलम २८ हे १९५४ पासूनच आहे. ख्रिस्ती जोडप्यांसाठी अशी तरतूद २००१ मध्ये आली. मुस्लिम कायद्यात दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाला मुबारात म्हणतात.

कलम १३बच्या अटी तीन. नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, पुढे एकत्र राहणं शक्य नसलं पाहिजे आणि लग्न संपवायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं असलं पाहिजे. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरातच राहणं असं नाही. एका छपराखाली असूनही पती-पत्नी म्हणून संसार होत नसेल तर तेही वेगळं राहणंच, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये स्पष्ट केलं. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. अर्ज दोघांनी केला असला तरी हुकूमनामा होईपर्यंत कुणीही आपली संमती मागे घेऊ शकतं.

अर्ज दाखल झाल्यावर कमीत कमी सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा कोर्टासमोर जाऊन 'आमचा निर्णय तोच आहे' असं सांगायचं. या सहा महिन्यांना सगळे 'कूलिंग पीरियड' म्हणतात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा काळ अगदी सक्तीचा नाही. जोडपं दीड वर्षाहून जास्त काळ वेगळं राहत असेल, समेटाचे प्रयत्न करून झाले असतील, पोटगी, मुलं वगैरे सगळं ठरलेलं असेल आणि थांबण्याने फक्त त्रासच वाढणार असेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं.

आमच्या वकीलबाईंनी तसा अर्ज सुचवला होता. आम्ही तो केला नाही. मुलीची परीक्षा होती आणि आम्हालाही घाई नव्हती. पण ज्या जोडप्यात रोजचा ताण असह्य झाला आहे, त्यांनी वकिलांना हे जरूर विचारावं. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे माझं लिखाण हा वकिली सल्ला समजू नका.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक भेटतात. न्यायाधीश दोघांना विचारतात की कुणाचा दबाव नाही ना. मला वाटलं होतं तास-दोन तास लागतील. शेवटच्या तारखेला आमचं काम काही मिनिटांत झालं. चोवीस वर्षांपूर्वी मांडवात मंगलाष्टकांनाच याहून जास्त वेळ लागला होता.

शरीरात काय होतं

१९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या घटनांचा एक तक्ता केला. कोणत्या घटनेनंतर माणसाला स्वतःला किती बदलावं लागतं, यावरून प्रत्येक घटनेला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, विभक्त होणं ६५. लग्न होणं यालाही ५० गुण आहेत. या तक्त्यात 'भांडून घटस्फोट' आणि 'समजुतीने घटस्फोट' असे वेगळे रकाने नाहीत.

असं का, ते समजून घेऊ. वर्षानुवर्षं एका माणसाच्या सवयीने आपलं शरीर चालत असतं. झोपायची वेळ, जेवणाची वेळ, रात्री दाराला कडी कुणी लावायची, ताप आला तर हाक कुणाला मारायची. हे सगळं बदललं की मेंदू त्याला धोका समजतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल आणि अॅड्रिनलिन ही हार्मोन्स जास्त सोडतात. त्याने नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, साखर वाढते. कॉर्टिसोल एरवीही पहाटेच चढू लागतं, त्यामुळे ताणातल्या माणसाला पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. भूक मरते, नाहीतर उगाच खा खा होते. जुना मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, बिघडलेली दिसते. पेशंट म्हणतो, गोळ्या त्याच, जेवण तेच, मग साखर का वाढली? पण घरात काय चाललं आहे, ते त्याने सांगितलेलं नसतं.

क्वचित प्रसंगी मोठ्या मानसिक धक्क्याने हृदयाच्या स्नायूची ताकद एकाएकी कमी होते. छातीत दुखतं, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, पण अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघतात. याला टाकोत्सुबो म्हणतात. हा जपानी शब्द ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासाठी आहे, कारण त्या वेळी हृदयाचा आकार तसा दिसतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा प्रकार जास्त आढळतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. पण हार्ट अटॅक आहे की हे, ते हॉस्पिटलमध्येच कळतं, म्हणून छातीत दुखलं तर 'टेन्शन असेल' म्हणत घरी थांबू नका.

माझ्या बाबतीत हुकूमनाम्यानंतर दोन महिन्यांत वजन पाच किलोने उतरलं. बीपी १५०/९६. पहाटे तीनला डोळा उघडायचा तो उघडायचाच. डॉक्टरने स्वतःचं निदान स्वतः करू नये, म्हणून कॉलेजमधल्या एका सिनियर फिजिशियनकडे गेले. त्यांनी थायरॉईड, साखर, ईसीजी सगळं पाहिलं. सगळं नॉर्मल. मग पेन खाली ठेवून विचारलं, "अगं, रडलीस का तू?"

मी म्हटलं, "रडण्यासारखं काय आहे सर? सगळं किती नीट झालं."

"नीट झालं म्हणून दुःख होत नाही, असं कुठल्या पुस्तकात आहे?" ते म्हणाले.

त्यांनी झोपेची गोळी दिली नाही. रोज अर्धा तास चालणं, तेही फोन घरी ठेवून. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहिणं. आणि आठवड्यातून एकदा कुणातरी एका माणसाशी यावर मोकळं बोलणं. मी माझ्या थोरल्या बहिणीला निवडलं. चार महिन्यांत बीपी १३०/८४वर आलं, वजन त्याच्या जागी परत आलं. प्रत्येकाचं बीपी असं गोळीशिवाय उतरेल असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती घ्याच, मनाने बंद करू नका.

वैद्यकशास्त्रात याला 'अॅडजस्टमेंट डिसऑर्डर' म्हणतात, म्हणजे बदलाशी जुळवून घेताना होणारा त्रास. तो साधारणपणे घटनेनंतर महिनाभरात सुरू होतो आणि ताणाचं कारण संपलं की बहुतेक वेळा सहा महिन्यांत ओसरतो. हे वेड नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही.

भांडण नसल्याची अडचण

आपल्याकडे कुणी गेलं तर तेरा दिवस घरात माणसं येतात. पिठलं-भाताचा डबा येतो. वाईट नवऱ्यापासून सुटका झाली तर लोक म्हणतात, बरं झालं सुटलीस. पण दोन बरी माणसं शांतपणे वेगळी झाली तर कुणी काय म्हणायचं, हे कुणालाच ठाऊक नसतं. मला तीन वाक्यं वारंवार ऐकायला मिळाली. "भांडण नव्हतं, तर मग कशाला?" "या वयात?" आणि "थोडं आणखी सांभाळून घेतलं असतं." शिव्या द्याव्यात असा माणूस समोर नसतो, म्हणून राग काढता येत नाही. निर्णय आपणच घेतलेला असतो, म्हणून रडताही येत नाही. मग बोलतं ते शरीर.

माझी मुलगी तेव्हा वीस वर्षांची होती, पुण्याला शिकत होती. आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही भांडला असतात तर निदान कुणाची तरी बाजू घेता आली असती. आता मी राग कुणावर काढू?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या बाबांनी तेवढंच सांगितलं की दोघांवरही काढ. पुढचे सहा-सात महिने तिने तो काढलाही. फोन उचलायचा नाही, उचलला तर एका शब्दात उत्तर. मला आज वाटतं, ते तिच्या तब्येतीसाठी चांगलंच झालं.

मुलं लहान असतील तर

लहान मुलं बोलून दाखवत नाहीत. सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, नखं खाणं, एकाएकी मार्क घसरणं, आई-वडील नजरेआड झाले की घाबरणं, अशी लक्षणं दिसतात. पोटदुखीचं दुसरं कारण नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. तपासणीत काही निघालं नाही तरी 'नाटक करतोय' म्हणू नका, त्याचं पोट खरंच दुखत असतं.

मुलांना दोघांनी एकत्र बसून, त्यांना समजेल अशा दोन-तीन वाक्यांत सांगा. आम्ही वेगळ्या घरात राहणार. यात तुझी काही चूक नाही. तू आम्हा दोघांचाही आहेस. हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आणि निरोप पोचवायचं काम मुलांवर टाकू नका.

संमतीच्या अटी लिहिताना ताबा, भेटीचे दिवस, शिक्षणाचा खर्च हे वकील लिहितातच. डॉक्टर म्हणून मी त्यात भर घालीन. मुलाच्या औषधोपचाराचा खर्च कोण करणार, ऑपरेशनसारखा निर्णय कसा घ्यायचा, लसीकरणाचं कार्ड आणि जुने रिपोर्ट कुणाकडे राहणार, हेही लिहून ठेवा. दम्याच्या मुलाचा पंप एकाच घरात राहिला आणि धाप दुसऱ्या घरात लागली, असं मी पाहिलं आहे. पंप दोन्ही घरी हवा.

तब्येतीचे कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

१. आरोग्य विमा. नवरा-बायकोची एकत्र फ्लोटर पॉलिसी असेल तर घटस्फोटानंतर ती तशी चालत नाही. जोडीदाराच्या नोकरीतून मिळणारी वैद्यकीय सोयही बंद होते. आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून जुन्या पॉलिसीची वर्षं नव्या पॉलिसीत धरली जातील का, हे विमा कंपनीला हुकूमनाम्याच्या आधीच लेखी विचारा.

२. नॉमिनी. बँक, पीएफ, आयुर्विमा, म्युच्युअल फंड इथली नावं घटस्फोटाने आपोआप बदलतील असं धरून चालू नका. ती एकेक करून तपासा.

३. अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. २०२२ मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'जवळच्या नातेवाईकाचं नाव व नातं' अशी ओळ होती. इतकी वर्षं मी पेशंटना त्या ओळीवर बोट ठेवून 'इथे सही घ्या' सांगत आले होते. स्वतःचा फॉर्म भरताना मात्र पेन थांबलं. मग मुलीचं नाव लिहिलं, खाली बहिणीचा नंबर. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाची स्वतःची संमती महत्त्वाची असते. पण बेशुद्ध पडल्यावर कुणाला बोलवायचं, हे आज ठरवा, त्या माणसाला सांगा आणि त्याचं नाव मोबाईलमध्ये आणि पाकिटात ठेवा.

४. तुमची औषधं. घरातल्या गोळ्या दुसरा जोडीदार आणून ठेवत असेल तर तुमच्या गोळ्यांची नावं आणि डोस तुम्हाला तोंडपाठ हवेत. विशेषतः पुरुषांना हे सांगते. वेगळं झाल्यावर बीपीची गोळी महिना महिना बंद असलेले कितीतरी गृहस्थ माझ्याकडे येतात, कारण ती इतकी वर्षं चहाच्या कपाबरोबर बशीत येत होती.

आणि एक. झोप येत नाही म्हणून रात्री दारू घेऊ नका. डोळा लवकर लागतो, पण पहाटेची जाग वाढते. कुणाची उरलेली झोपेची गोळीही घेऊ नका.

सगळी नाती संपत नाहीत

माझ्या सासूबाईंचा मधुमेह मीच पंधरा वर्षं पाहत होते. हुकूमनाम्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्या भाच्याला घेऊन नेहमीसारख्या फाईलसकट आल्या. खुर्चीत बसून म्हणाल्या, "आता मी तुला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "पेशंट म्हणून आलात, तर डॉक्टर म्हणा."

"छे, डॉक्टर मी तुला कधीच म्हटलं नाही," असं म्हणून त्यांनी साखर तपासायला बोट पुढे केलं. १६८ निघाली. त्या असेपर्यंत त्यांची फाईल माझ्याकडेच होती. प्रत्येक घरात हे जमेलच असं नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. पण कोर्ट फक्त एक नातं संपवतं. बाकीच्यांचं काय करायचं ते आपल्याला ठरवता येतं.

संमती खरी आहे का?

हे नीट वाचा. घरात मारहाण, धमकी, पैशांची कोंडी किंवा मुलं हिरावून घेण्याची भीती असेल आणि त्यापोटी तुम्ही सही करणार असाल, तर ती संमती नव्हे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तुमच्यासाठी आहे. महिला हेल्पलाईन १८१. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रीधन आणि पोटगीवर पाणी सोडायला लावणारा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं

छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं: लगेच, त्याच दिवशी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, कामावर जाववत नसणं: आठवड्याच्या आत. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

जगू नये असं वाटणं, मनात तसे विचार येणं: आत्ताच. घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात काय चाललं आहे ते सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. साखर किती, बीपी किती, हे जसं आम्हाला कळायला हवं, तसंच हेही.

काळजी घ्या.